रोहित (फ्लेमिंगो) उठवून काढलेला फोटो खरंच हवाय का आपल्याला?

माळटिटवी

नमस्कार मंडळी,

परवा रविवारी लेकीला घेऊन भिगवणला जाऊन आलो. पहाटे चारला पुणं सोडलं आणि उजाडायच्या आत कुंभारगावच्या काठावर पोचलो. फेब्रुवारी असूनही पाण्यावरून येणारा वारा कानाला झोंबत होता. उजनीचं पाणी आता ओसरायला लागलंय. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं, तेव्हापासून दरवर्षीचा हा क्रम आहे. पावसाळ्यात फुगवटा भरतो, उन्हाळ्याच्या तोंडावर पाणी मागे सरकतं आणि मागे उरतो तो चिखल. रोहित येतात ते त्या चिखलासाठी.

आमच्या नावाड्याने इंजिन लांबच बंद केलं आणि बांबूने नाव रेटत नेली. समोर दीड-एकशे रोहित असतील. मान खाली, चोच उलटी पाण्यात, आणि पाय जागच्या जागी थपथप चाललेले. पायांनी गाळ ढवळायचा आणि चोचीतल्या कंगव्यासारख्या पट्ट्यांतून पाणी गाळून त्यातलं बारीक काही असेल ते खायचं, असं त्यांचं जेवण असतं. लेक नववीत आहे. दुर्बीण डोळ्यांवरून काढायला तयार नव्हती. "बाबा, ते नाचतायत," एवढंच म्हणाली.

तेवढ्यात दुसरी नाव आली. चार मोठ्या लेन्सा. त्यातल्या एकाने हाक दिली, "दादा, जरा उठवा की!" इंजिन सुरू झालं आणि नाव सरळ थव्यावर गेली. आधी पायांची थपथप थांबली. मग सगळ्या माना एकदम वर. मग सगळे एकाच दिशेने चालायला लागले, चालता चालता पळायला लागले आणि पाणी उडवत उठले. पंखांखालचा तो लालभडक रंग आणि काळी किनार दिसली, शटर कडाडले. थवा पलीकडच्या काठाला उतरला. नाव पुन्हा मागे गेली. तासाभरात हे चार वेळा झालं.

मला राग आला, पण पुढे बोलायचा अधिकार मला नाही असंही वाटलं. आमच्या दिवाणखान्यात उडणाऱ्या रोहितांचा मोठा फोटो बारा वर्षांपासून लावलेला आहे. परतताना लेकीने गाडीत विचारलं, "बाबा, आपल्या घरातला फोटोपण असाच काढला होता का?" मी हो म्हणालो. त्यानंतर भिगवण फाट्यावर चहाला थांबेपर्यंत ती काही बोलली नाही.

हा धागा म्हणून काढतोय. तुम्ही फोटो कसे मिळवता, कुठे थांबता, ते मोकळेपणाने लिहा. माझं स्वतःचं मत असं झालंय की फोटो कसा मिळाला हा त्या फोटोचाच भाग आहे आणि तो फोटोखाली एका ओळीत लिहिला पाहिजे. कॅमेरा, लेन्स, शटरस्पीड आपण आवर्जून लिहितो. पक्षी उठवला, आवाज वाजवला की घरट्याजवळ थांबलो, हे मात्र कुणीच लिहीत नाही.

कवड्या_धीवर

दादा, मी त्याच पट्ट्यातला. आमची जमीन धरणात गेली. आजोबांच्या पिढीने शेती सोडून जाळं हातात घेतलं, आणि आता माझे दोन चुलतभाऊ पक्षी दाखवायला नाव काढतात. म्हणून त्यांची बाजू आधी मांडतो.

नावाड्याला थवा उठवायची हौस नसते. काठावर दहा नावा उभ्या असतात. गिऱ्हाईक म्हणतं, "उडालेले पाहिजेत, वरचे दोनशे घ्या." हा नाही म्हणाला तर शेजारचा हो म्हणतो. हंगाम नोव्हेंबर ते मार्च, तेवढ्यात वर्षाचं काय ते कमवायचं. तुम्ही पाण्यात गेल्यावर "उठवू नका" म्हणून उपयोग नाही. काठावर, भाव ठरतानाच सांगा: "आम्हाला बसलेले बघायचेत, उठवायचे नाहीत, पैसे ठरले तेवढेच देऊ." मग त्या पोराला शेजारच्या नावेशी चढाओढ करावी लागत नाही. माझ्या भावाला असं सांगणारं गिऱ्हाईक मिळालं की तो खूश असतो, डिझेलपण वाचतं.

दुसरं म्हणजे, आमच्या चिलापीच्या जाळ्यांवर रोज नावा जातात, रोहित मान वर करून बघतसुद्धा नाहीत. कारण मासेमारीची नाव त्यांच्या बाजूने तिरकी निघून जाते. फोटोवाल्यांची नाव तोंड त्यांच्याकडे करून सरळ येते. पक्ष्याला हा फरक चांगला कळतो. तिरकं जा, थांबा, परत थोडं तिरकं जा. माना वर झाल्या की तिथेच थांबा. पुन्हा खाली गेल्या की समजा त्यांनी तुम्हाला जागा दिली.

वाइडअँगल

मी थोडं वेगळं लिहितो, कृपया शांतपणे वाचा.

मी या छंदात आलो तो उडणाऱ्या रोहितांचा एक फोटो बघून. त्याआधी बगळा आणि करकोचा यांतला फरकही मला माहीत नव्हता. आज मी पंधरा वर्षं पक्षी बघतोय, ऑफिसातल्या निदान वीस जणांना सोबत नेलंय. तो फोटो थवा उठवून काढलेला असणार. तो नसता तर मी इथे नसतो.

शिवाय दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी दिवसातून कितीदा तरी बदकांचे थवे उठवतो. त्यापुढे आपल्या चार फेऱ्यांचं काय? गावाला त्यातून पैसा मिळतो म्हणून गावकरी पक्ष्यांना जपतात. वाळूउपसा, नदीत येणारं सांडपाणी, तुटलेल्या जाळ्यांत अडकून मरणारे पक्षी, हे प्रश्न कितीतरी मोठे आहेत. आपण आपसात फोटोवाल्यांनाच धरून बसतो.

शिंजीर

वाइडअँगल, तुमचं म्हणणं नीट वाचलं. मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. कॅमेरा कधी घेतला नाही. एक ८×४२ची दुर्बीण आणि वह्या, एवढंच माझं सामान. नांदूर-मधमेश्वरला तीस वर्षं जाते. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचा तो बंधारा ब्रिटिशांच्या काळातला. आता तो रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ.

भोवत्या थवा उठवतो तेव्हा त्याला खायचं असतं, आणि दोन फेऱ्यांत तो निघून जातो. त्याच्यासारखे अजून दहा भोवते त्याच थव्यामागे रांगेत उभे नसतात. रविवारी एका थव्यावर किती नावा जातात ते मोजून बघा. रोहित जड पक्षी आहे, पाण्यावर धावत गेल्याशिवाय त्याला उठता येत नाही. पट्टकादंब हे रानहंस तर हिमालय ओलांडून आलेले असतात. इथले तीन-चार महिने खाऊन अंगावर चढवलेल्या चरबीवरच त्यांना परत जायचं असतं. सकाळची खायची वेळ आपण मोडली तर ती त्यांना परत कोण देणार?

मोठे प्रश्न मोठे आहेतच. पण त्यातला हा एवढाच माझ्या हातात आहे, म्हणून मी तो आधी धरते.

नवा_भिडू

मी अगदी नवीन आहे, डोंबिवलीत राहतो. दोन प्रश्न. माझ्याकडे ७०-३०० लेन्स आहे, १५०-६०० घेतल्याशिवाय काही होणार नाही असं सगळे म्हणतात. खरं आहे का? आणि पक्षी ओळखायच्या मर्लिन ॲपमधला आवाज वाजवला की नवरंग समोर येतो असं मित्र म्हणाला. ते चालतं का?

माळटिटवी

नवा भिडू, स्वागत. लेन्सचं मी सांगतो, आवाजाचं शिंजीरताई सांगतील.

७०-३०० वर दोन वर्षं आरामात काढा. भोपरच्या टेकडीवर किंवा खाडीकाठी शेकाट्या, वंचक, वेडा राघू, खंड्या हे सगळे त्यात बसतात. बसलेल्या पक्ष्याला १/५०० पुरतो, उडणाऱ्याला १/२०००च्या आसपास ठेवा आणि त्यासाठी आयएसओ वाढला तर वाढू द्या. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. नावेत ट्रायपॉडचा उपयोग नाही, तो नावेबरोबर हलतो. खाली तळाला बसा, कोपर गुडघ्यावर टेका. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आलात की तीनशेची लेन्सही पुष्कळ होते. सकाळी सूर्य तुमच्या पाठीशी राहील असं नावाड्याला सांगा. पांढऱ्या पक्ष्यावर एक्सपोजर थोडं कमी ठेवा, नाहीतर बगळ्याच्या पिसांचा नुसता चुना होतो.

पण पैसे असतील तर आधी दुर्बीण घ्या, असं मी म्हणेन. कॅमेऱ्यातून आपण फोटो बघतो, दुर्बिणीतून पक्षी.

शिंजीर

नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर येतो आणि पावसातच पिल्लं काढतो. हिवाळ्यात तो दक्षिणेत, श्रीलंकेपर्यंत जातो. म्हणजे इथे जेव्हा त्याची शीळ ऐकू येते, तेव्हा तो हद्द राखत असतो. तुम्ही मोबाइलवर दुसऱ्या नराची शीळ वाजवली की त्याला वाटतं, घरात कुणी शिरलं. घरटं, अंडी, चारा सोडून तो तुमच्याशी भांडायला येतो. फांदीवर ताठ उभं राहून तुमच्याकडे बघणारा जो नवरंग फोटोत दिसतो ना, तो बहुतेक वेळा चिडलेला असतो.

ॲप ऐकण्यासाठी वापरा. तो फार सुंदर उपयोग आहे. माझ्या वयात बारीक आवाज कानाला कमी येतात. वटवट्यांचे आवाज मला आता ॲपच दाखवतं. वाजवू मात्र नका. पहाटे आणि संध्याकाळी तो आपणहून दोन सुरांत शीळ घालतो. एका झाडाला टेकून तासभर बसलात तर जमिनीवरची पानं उलटत उलटत तुमच्या समोर येतो. माझ्या बुटापासून चार हातांवर आला होता एकदा.

ज्वारीचं_कणीस

रामराम. मी बार्शीकडचा शेतकरी. पक्षी बघायला कुठं जावं लागत नाही, वावरात येतात. हुरड्याच्या दिवसांत भोरड्या येतात, हजारोंनी, मध्य आशियातून. पूर्वी माचाणावर बसून गोफण फिरवायचो, आता मोबाइलवर व्हिडिओ काढतो. त्या कणसं खातात तसे टोळ आणि अळ्यापण खातात. मार्चमध्ये पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर दिसतात आणि मग एक दिवस सगळ्या गायब.

सांगायची गोष्ट वेगळी आहे. गेल्या मे महिन्यात माझ्या वावरात टिटवीनं अंडी घातली होती. नांगरताना दिसली म्हणून तेवढा तुकडा सोडून नांगरलं. आमच्याकडं तसाच रिवाज आहे, टिटवीची जागा बघून म्हातारी माणसं पावसाचा अंदाज पण काढतात. जमिनीत बोटभर खळगा, कडेनं खडे आणि शेळीच्या लेंड्या, त्यात चार अंडी. टोकं आत वळवलेली, मातीच्या रंगाची, वर काळे ठिपके. दोन पावलांवरून दिसत नाहीत.

पुतण्यानं कौतुकानं फोटो टाकला, गाव लिहून. दोन दिवसांनी एका गाडीतून पाच जण आले. चांगली माणसं होती, विचारून आत आले, चहा घेतला. दुपारी बारा ते दोन अंड्यांच्या भोवती बसले. टिटवी बांधावरून ओरडत होती. मला वाटलं ओरडतीयच, सवयच आहे तिची. ऊन चाळीसच्या वर. एरवी ती काय करायची मी रोज बघायचो. विहिरीच्या पाटावर जाऊन पोटाची पिसं भिजवायची, पळत येऊन अंड्यांवर बसायची. त्या दोन तासांत तिला येताच आलं नाही.

ते गेल्यावर ती आली. पोट भिजवून आली, बसली. पुढं पंधरा दिवस बसली. अंडी फुटलीच नाहीत. मग एक दिवस उठली आणि गेली. मी एक अंडं हातात घेतलं, हलवलं तर आतून पाण्यासारखा आवाज आला.

त्या माणसांना कुणी सांगितलंच नव्हतं. मला तर माहीत होतं, आणि मी चहा करत होतो. ते मनातून जात नाही.

नवा_भिडू

दादा, हे वाचून सुचेनासं झालं. घरट्याचे फोटो मी आजवर लाइक करत आलो.

हडसनकाठचा

ज्वारीचं कणीस, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला.

मी न्यू जर्सीत असतो. २०१३-१४च्या हिवाळ्यात इथल्या समुद्रकिनाऱ्यांवर उत्तरेकडून हिमघुबडं मोठ्या संख्येने उतरली होती. शुभ्र, वाळूच्या टेकड्यांवर दिवसाढवळ्या बसलेली. आम्ही उत्साहाने गेलो. तिथे काही जण पाळीव प्राण्यांच्या दुकानातले उंदीर आणून समोर सोडत होते. घुबड थेट लेन्सकडे झेपावतं, अंगावर येणारा फोटो मिळतो. पुढे ते घुबड माणूस दिसला की रस्त्याजवळ येऊन बसायला शिकतं, आणि गाड्या तर तिथूनच जातात.

इथल्या बऱ्याच गटांत आता घुबडाची जागा लिहीतच नाहीत. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवरही काही संवेदनशील पक्ष्यांची नेमकी जागा झाकलेली असते. आपल्याकडे मोबाइलमधला फोटो टाकताना जागेची नोंद आपोआप जाते, ती बंद करायला आधी शिकवलं पाहिजे. पुतण्याचा दोष नाही. कौतुकानेच टाकतो आपण.

सातपुडा_पिंगळा

खानदेशातून लिहितो. 'फोटो कसा मिळाला ते लिहा' या मुद्द्यावर मला आमच्या भागातली गोष्ट आठवते.

रानपिंगळा या छोट्या घुबडाला शास्त्रीय नाव मिळालं १८७३ मध्ये. १८८४ नंतर मात्र त्याचा खात्रीचा नमुना (संग्रहालयात जतन केलेला पक्षी) नाही. त्यानंतरचा एकच नमुना होता, मायनर्ट्झहॅगन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचा. चिठ्ठीवर लिहिलं होतं १९१४, मांडवी, गुजरात. लोक त्या चिठ्ठीवर विश्वासून शोधत राहिले आणि हाती काही लागलं नाही. पुढे पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षीतज्ज्ञांनी तपासून दाखवलं की तो नमुना संग्रहालयातून चोरलेला, डेव्हिडसन यांनी पूर्वी गोळा केलेला होता, आणि नवी चिठ्ठी खोटी होती. मग त्यांनी ती नोंद बाजूला ठेवली, जुन्या खऱ्या नमुन्यांच्या जागा धरल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये आमच्या शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा समोर बसलेला सापडला. ११३ वर्षांनी! नंतर मेळघाटातही तो चांगल्या संख्येने आहे हे कळलं.

चार शब्दांची खोटी चिठ्ठी, आणि एक पक्षी इतकी वर्षं नाहीसा झाल्यासारखा राहिला. आपले फोटो आज नोंदी म्हणूनच वापरले जातात. चारा टाकून झुडपातून बाहेर काढलेला पक्षी 'मोकळ्या जागी चरताना' म्हणून टाकला तर पुढचा माणूस त्याला मोकळ्या जागीच शोधणार.

वाइडअँगल

टिटवीचं वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही.

माळटिटवींची ओळ मला मान्य आहे. माझ्या जुन्या फोटोंखाली मी ती टाकायला सुरुवातही केली. 'थवा नावेने उठवला' असं सात ठिकाणी लिहावं लागलं. पण एक अट आहे. कुणी खरं लिहिलं की त्याच्यावर तुटून पडायचं नाही. एका गटात मी हे करून बघितलं होतं, तिथे मला इतकं बोलले की बाकीच्यांनी कायमचं तोंड मिटलं. खरं लिहिणाऱ्याला झोडपलं तर उद्या सगळे 'पक्षी आपणहून उडाला' असंच लिहितील, आणि मग ती ओळही त्या मांडवीच्या चिठ्ठीसारखी होईल.

रोहित उडताना बघायचेच असतील तर सकाळी लवकर जाऊन थांबा. एका उथळ जागेवरून दुसरीकडे ते स्वतःच उडत जातात. गेल्या रविवारी मी तीन तास थांबलो. सव्वानऊला अकरा रोहित उठले. फोटो थोडा लांबून आला आहे.

कवड्या_धीवर

वाइडअँगल दादा, तुम्ही आमच्याच काठावर होतात तर! पुढच्या वेळी घरी जेवायला या.

भावाशी बोललो. ते पाच-सहा नाववाले आपसात ठरवू म्हणतायत की भाव सांगतानाच 'थवा उठवणार नाही' म्हणायचं. सगळे ऐकतील असं नाही. पण सहा जण म्हणाले तर सातव्यालाही थोडा विचार करावा लागेल.

शिंजीर

५ ते १२ नोव्हेंबर आपला पक्षी सप्ताह असतो, चितमपल्लींच्या वाढदिवसापासून सलीम अलींच्या वाढदिवसापर्यंत. तोवर या धाग्यातलं मराठीत एका पानावर उतरवून काठावरच्या चहाच्या टपऱ्यांवर लावता येईल का? अक्षर माझं चांगलं आहे, मी लिहून देते. ज्वारीचं कणीस, तुमची टिटवी त्यात घेऊ का? गावाचं नाव न लिहिता.

ज्वारीचं_कणीस

घ्या ताई. यंदा मार्चातच एक जोडी बांधाला फिरतीय. या वेळी मी चहा करणार नाही, काठी घेऊन बसणार.

माळटिटवी

सगळ्यांचे आभार. वाइडअँगल, तुमची अट मला मनापासून मान्य आहे, आणि दिवाणखान्यातल्या फोटोखाली मीही चिठ्ठी लावली. लेकीनेच लिहून दिली: 'भिगवण. बाबांनी नावेने उठवले.' फोटो काढून ठेवू का म्हणून विचारलं, तर नको म्हणाली, राहू दे.

काल पुन्हा जाऊन आलो. काठावर आधी बोलून घेतलं, कवड्या धीवर यांनी सांगितलं होतं तसंच. या वेळी कॅमेरा तिच्या हातात होता. तिचा पहिला फोटो खाली देतोय, ओळही तिचीच आहे.

'कुंभारगाव, सकाळी ७.४०. मोठा रोहित, ६२ मोजले. इंजिन बंद, नाव तिरकी. एकाने मान वर केली म्हणून आम्ही थांबलो, मग त्याने परत खाली घातली. आम्ही निघालो तेव्हा सगळे खात होते.'